साडूचा बूम स्टँड

३ फेब्रुवारी

माझ्या बायकोचे हात आज जगाने पाहिले, आणि ते दाखवले माझ्या साडूने.

डायरी लिहायची मला सवय नाही. पण हे सांगायचं कुणाला? एरवी मनातलं बायकोला सांगतो. इथे विषयच ती आहे.

माझा फोटो स्टुडिओ आहे. आतल्या खोलीत मी फोटो काढतो, पुढच्या खोलीत खिडकीपाशी हिचं टेबल. ही रफू करते. जळालेलं, कुरतडलेलं, खिळ्याला अडकून फाटलेलं कापड हिच्याकडे येतं आणि काही झालंच नव्हतं असं परत जातं. धाकट्या मेहुणीचा नवरा, ज्याला सगळे बापू म्हणतात, नोकरी गेल्यापासून व्हिडिओ करत फिरतो. कुणी चपला शिवतोय, कुणी कुलपाची किल्ली घासतोय, आणि वरून टिपलेले त्यांचे फक्त हात. रविवारी मी एका शाळेत वर्गांचे फोटो काढायला गेलो होतो. तेवढ्यात हा आपलं सामान घेऊन आला आणि हिचे हात टिपून गेला.

दुपारी हिने फोन माझ्यासमोर धरला. राखाडी पँट, गुडघ्यावर सिगारेटचं भोक, वरून मऊ उजेड. हिच्या डोक्याची सावली कुठेच नाही. सुई खाली जाते, वर येते, भोक भरत जातं. आणि ही बोलतेय. "धागा बाहेरचा घ्यायचा नाही. ह्याच पँटच्या आतल्या शिवणीतून काढायचा. बाहेरचा कितीही जुळला तरी उन्हात चुगली करतो."

मला हे माहीत नव्हतं.

व्हिडिओच्या शेवटी मोठ्या अक्षरांत: हात ताईंचे, नजर बापूची.

वीस वर्षं कॅमेरा मी धरतोय आणि नजर बापूची!

"कसा झालाय?" हिने विचारलं.

"उजेड बरा आहे."

"बस? एवढंच?"

"आवाज जरा घुमतोय."

तिने फोन पदराने पुसला आणि टेबलावर उलटा ठेवून दिला.

४ फेब्रुवारी

सकाळी दाढी करताना उलगडा झाला. बापूला काही येत नाही. कालपरवापर्यंत त्याला कॅमेऱ्याचं झाकण काढायचं लक्षात राहत नव्हतं. कमाल आहे ती त्याच्या बूम स्टँडची. साध्या स्टँडवर दिवा बाजूला उभा राहतो. बूम स्टँडला आडवा दांडा असतो, त्यामुळे दिवा थेट टेबलाच्या डोक्यावर नेता येतो आणि स्टँड मात्र चौकटीबाहेर. असा स्टँड असला की कुणीही बापू होतो.

माझ्याकडे तो नाही, कारण पासपोर्टच्या फोटोला तो लागत नाही. बास. एवढाच फरक आहे. असा स्टँड घ्यायचा, आणि हिचे पुढचे सगळे व्हिडिओ मी करायचे. घरात हलवाई असताना शेजाऱ्याकडून पेढा कशाला?

हिला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्हाला वेळ असेल तर करा की. मी कधी नको म्हटलंय?"

म्हणजे आजवर मीच वेळ दिला नाही, असं सुचवायचं होतं का? की सहज म्हणाली?

७ फेब्रुवारी

मेहुणीचा जुना फोटो मोठा करून द्यायचं निमित्त काढलं आणि बापूच्या घरी गेलो. स्टँड बघायचा होता.

स्टँड बाहेरच्या खोलीतच उभा होता. आडव्या दांड्यावर बनियन आणि दोन टॉवेल वाळत घातलेले. मला बरं वाटलं. मेहुणी चहा ठेवायला आत गेली तशी मी दांडा वितीने मोजून घेतला. मधल्या किमतीचा स्टँड आहे, पोलादी, पाय चांगले पसरट. दांड्याच्या मागच्या टोकाला तोल सांभाळायला वाळूची जाड पिशवी अडकवलेली. पिशवी इतकी सुबक शिवलेली की मी हात लावून बघितली.

"ताईने शिवून दिली," मेहुणी कप ठेवत म्हणाली. "जुन्या जीन्सची. दुहेरी शिवण घातलीय, म्हणाली वाळू बाहेर येता कामा नये."

मी पिशवीवरचा हात काढला. कधी शिवली? माझ्या स्टुडिओत, माझ्या डोळ्यांदेखत शिवली असणार, आणि मला वाटलं असेल गिऱ्हाइकाचं काम चाललंय.

तेवढ्यात बापू आला. "भाऊजी, स्टँड हवाय का? घेऊन जा. आठवडाभर मला तसंही काम नाही."

"नको. माझा येतोय."

"अरे वा! कुठला घेताय?"

"लांब दांड्याचा," मी म्हणालो. "तुझ्यापेक्षा लांब."

तो हसला. "लांब असेल तर वजन नीट बघून घ्या हं. ताईंना सांगा, पिशवी शिवून देतील."

माझ्या बायकोला काय सांगायचं ते आता हा मला सांगणार.

१० फेब्रुवारी

स्टँड आणला.

फोटोच्या सामानाचा दुकानदार माझा जुना ओळखीचा. त्याने तीन स्टँड उभे करून दाखवले. पहिला चाकांचा, दणकट, दांडा पुढेमागे करायला हँडल असलेला. तो माझ्या आवाक्याबाहेरचा. दुसरा हुबेहूब बापूसारखा. तो घेणं म्हणजे बापूच्या पावलावर पाऊल टाकणं. तिसरा अॅल्युमिनियमचा, हलका, हवा तेव्हा सरळ उभा आणि हवा तेव्हा आडवा होणारा. किमतीला दुसऱ्यापेक्षा कमी आणि दांडा त्याच्याहून हातभर लांब.

"हाच," मी म्हणालो.

दुकानदाराने मान हलवली. "घ्या, पण काय करताय ते समजून घ्या. दिवा किती जड आहे तुमचा?"

"हलकाच आहे." माझा दिवा त्याच्या कापडी पेटीसकट चांगलाच जड आहे.

"दांडा पूर्ण ओढलात की हलका दिवाही जड होतो. मागे वजन हवंच. पायांवरही टाकलंत तर उत्तम. आणि तीन पायांपैकी एक पाय दांड्याच्या बरोबर खाली आला पाहिजे, दिव्याच्या दिशेने. नाहीतर हा नमस्कार घालतो." त्याने हाताने दांडा दाबला. खरंच स्टँड वाकून नमस्कार केल्यासारखा पुढे झुकला. आम्ही दोघंही हसलो. "दांडा धरून ठेवणारी ह्याची पकड गुळगुळीत आहे. दुसऱ्याला आतून दाते आहेत, तो घसरत नाही. थोडेच जास्त पडतील. दुसरा घ्या, माझं ऐका."

"लांबी?"

"लांबीचं काय करायचंय? टेबल केवढं आहे तुमचं?"

मी विषय बदलला.

घरी आल्यावर ही स्टँडभोवती फिरून आली. "छान आहे. मागे अडकवायला पिशवी शिवू का?"

तीन दिवस मी ह्याच प्रश्नाची वाट बघत होतो. आणि आला तेव्हा वाटलं, हा बापूच्या मागून आलेला प्रश्न आहे. म्हणालो, "नको. माझ्याकडे सोय आहे." पाण्याचा कॅन भरून दोरीने टांगला. काम भागतंय.

१५ फेब्रुवारी

आज पहिला व्हिडिओ केला. बाजारातून नवीन बल्ब आणला, टेबलावर काळं कापड अंथरलं, हिला नखं स्वच्छ करायला लावली. लोकरी मफलरला पडलेलं भोक होतं.

अडचण एकच. ही बोलायला लागली की हात हलतात. मान वर करते, डोक्याची सावली चौकटीत येते. तीन वेळा सांगितलं.

"पण बोलल्याशिवाय मला सुचत नाही," ती म्हणाली. "हे मफलर ज्या बाईंचं आहे ना, त्यांच्या..."

"ते नंतर सांग. आधी टाका घाल. बोटं जरा तिरकी. हं. तशीच ठेव."

नंतर ती काही बोलली नाही. काम पटकन झालं. व्हिडिओ असा लख्ख की लोकरीचा केस न् केस मोजावा. आवाज काढून टाकून मागे सतार घातली.

तिने पूर्ण बघितला. "स्वच्छ आहे," म्हणाली. मग आपल्या हातांकडे बघत म्हणाली, "एखाद्या आजारी माणसाचे हात वाटतात, नाही?"

मी परत बघितला. उजव्या अंगठ्याखाली बारीकशी सावली आहे. तेच तिला खटकलं असणार.

१७ फेब्रुवारी

बापूचा व्हिडिओ अजून लोक बघतायत. माझा बघितला तो नातेवाइकांनी, आणि मेहुणीने खाली लिहिलंय: ताई, तू बोलत का नाहीस? घसा बसलाय का?

फोनवर तिला अंगठ्याच्या सावलीबद्दल सांगितलं. स्टँड अजून थोडा पुढे न्यायला हवा होता, असं म्हणालो. तिकडून हसण्याचा आवाज आला. "भाऊजी, नाचता येईना अंगण वाकडं!"

मागे बापूही हसत होता. ऐकू आलं मला.

ही टेबलाशी बसून एका म्हाताऱ्या बाईंशी बोलत होती. त्यांच्या वारलेल्या नवऱ्याचा स्वेटर, कोपर पार झिजलेलं. बाई सांगत होत्या की ते उजव्या कोपरावर रेलून पेपर वाचायचे. ही ऐकत होती आणि ऐकता ऐकता कोपराच्या आतून बोट फिरवत होती. किती वेळ दोघी बोलत होत्या. मी आत मेमरी कार्ड रिकामं करत होतो.

२२ फेब्रुवारी

स्टँड पडला.

सकाळी तोच स्वेटर घेऊन बसवलं हिला. ह्या वेळी सावली राहू द्यायचीच नाही असं ठरवलं होतं. दांडा शेवटपर्यंत ओढला. एक पाय चौकटीच्या कडेला दिसत होता, म्हणून स्टँड थोडा फिरवला. आता दिवा बरोबर डोक्यावर आला. कॅमेऱ्यात बघितलं तर काय सांगू, बापूच्या सात पिढ्यांनी असा उजेड बघितला नसेल. मी म्हणालो, "आता बघ!"

ती बघत होती ती वर. दांड्याकडे. "अहो, हा वाकतोय का?"

"तू हाताकडे बघ."

पकड घसरली आणि दांडा गर्रकन फिरला. मग सगळा स्टँड पुढे आला. तिने स्वेटर छातीशी ओढून घेतला आणि डोकं वाचवायला उजवा हात वर केला. दिवा मनगटावर बसला.

ती ओरडली नाही. "स्वेटरला काच लागली नाही ना, बघा," म्हणाली.

हाडाच्या डॉक्टरने विचारलं, काय झालं. मी म्हणालो, "स्टँड पडला." मनगटाचं हाड मोडलंय. प्लास्टर. बोटं हलतायत. पुढे बारीक काम जमेल का, असं तिने विचारलं. डॉक्टर म्हणाला, "बहुतेक जमेल. प्लास्टर निघाल्यावर व्यायाम नीट करा." ती त्या 'बहुतेक'कडे बघत राहिली.

२४ फेब्रुवारी

पडला नाही. स्टँडचा दांड्याखालचा पाय मी फिरवला होता.

हे तिला माहीत आहे. मी वेणी घालून देतो, ती वाकडी येते, ती तशीच बसते.

२८ फेब्रुवारी

गिऱ्हाइकांना कपडे परत करणं चाललंय. ज्याचं त्याला, दुरुस्त न करता. ती डाव्या हाताने घड्या घालते आणि प्रत्येकाला सांगते, "पडले मी." एकालाही माझं नाव सांगितलं नाही. एखाद्याला तरी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

स्टँड माळ्यावर टाकला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, तसं झालं. हात मात्र तिचा.

स्वेटर तिने परत केला नाही. म्हाताऱ्या बाई दोनदा येऊन गेल्या. दुसऱ्यांदा आल्या तेव्हा त्यांनी स्वेटर पिशवीत भरायला घेतला, पण हिने त्यावर प्लास्टरचा हात ठेवला. "राहू द्या. करते काहीतरी."

२ मार्च

आज जेवताना म्हणाली, "बापूंना बोलवा."

मी घास खाली ठेवला. "कशाला?"

"हात मोडलाय, तोंड नाही मोडलं. स्वेटर धाकटी करील, मी सांगीन. बापू ते टिपतील. कितीतरी जणांनी विचारलंय, कसं करायचं ते शिकवा म्हणून."

"धाकटी? तिला बटण लावता येत नाही!"

"म्हणून तर. तिला जमलं तर कुणालाही जमेल."

"मग मी टिपतो."

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मला राग चालला असता. "तुम्ही असलात की मी बोलत नाही," ती म्हणाली. "का ते मलाही कळत नाही. बापू सारखे विचारत असतात, मग काय झालं, मग काय केलंत. त्यांना काही म्हणजे काही ठाऊक नसतं ना."

मी भात संपवला. चव लागली नाही. संध्याकाळी फोन न करता चालत बापूकडे गेलो. वाटेत दोनदा वाटलं परत फिरावं, सांगावं की तो घरी नव्हता. तो घरी होता. दाढी वाढलेली. मेहुणी म्हणाली, एक जागा होती ती परवा गेली, दुसऱ्याला घेतलं. त्याचं मला वाईट वाटलं, आणि त्याच क्षणी थोडं बरंही वाटलं. हे असं होतं माझं. लिहून ठेवतो.

"ताईंनी बोलावलंय," मी म्हणालो.

तो लगेच उठून शर्ट शोधायला लागला.

८ मार्च

सगळे सकाळीच आले. बापूने आपला स्टँड आणला नव्हता. एका ओळखीच्याने लग्नाच्या कामाला नेलाय, म्हणाला. खरं असेल. पण मला वाटतं, तो स्टँड बघून हिचा हात दचकेल म्हणून त्याने आणला नाही. असं असेल तर तेही मला सुचायला हवं होतं.

मग दिव्याचं काय? खिडकीतला उजेड अर्ध्या टेबलापर्यंतच येतो.

"मी धरतो," मी म्हणालो.

स्टुलावर उभा राहिलो आणि छोटा दिवा काठीला बांधून टेबलावर धरला. मेहुणी सुई घेऊन बसली, ही तिच्या शेजारी, प्लास्टर मांडीवर. मेहुणीने पहिला टाका घातला तो स्वतःच्या बोटात. "अगं आई गं!" हे सगळं रेकॉर्ड झालं. बापू म्हणाला राहू द्या, हेच हवंय.

"धागा ओढू नकोस, नुसता झोपव," ही सांगत होती. "एकाखालून, एकावरून. खाट विणतात तसं. घाई नको, तो माणूस वर्षानुवर्षं ह्या कोपरावर रेललाय, एका दमात नाही भरायचं ते."

माझा खांदा दुखायला लागला. उजेड थरथरला.

"भाऊजी, हलू नका," बापू म्हणाला.

वीस वर्षं हे वाक्य मी लोकांना ऐकवतोय. मी हललो नाही.

मग बापूने विचारलं, "ताई, सगळ्यात जास्त वेळा रफू तुम्ही कशाला केलंत?"

ही हसली. "आमच्या कोटाला. आतल्या खोलीत खुंटीवर काळा कोट आहे ना, ज्याच्याकडे कोट नाही त्याने फोटोपुरता घालायचा. नोकरीच्या अर्जासाठी मुलं येतात, घाबरलेली असतात, कुणी बाही ओढतं, कुणी घाईत बगल उसवतं. एकाने तर उदबत्तीने जाळला होता. गिऱ्हाईक नसलं की मी उतरवून घेते आणि करून ठेवते. ह्यांना वाटतं कोट मजबूत आहे."

मेहुणी खो खो हसली. बापूही हसला, पण कॅमेरा हलू दिला नाही. मी वर स्टुलावर. मला हसताही येईना आणि खाली उतरताही येईना. तो कोट मी लग्नाच्या वर्षी विकत घेतला. कितीतरी लोकांना अभिमानाने सांगितलंय, असं कापड आता मिळत नाही.

"मग त्यांना सांगितलं का नाहीत?" बापूने विचारलं.

"विचारलं नाही कधी," ती म्हणाली, आणि लगेच मेहुणीच्या हाताकडे वळली. "अगं, तो टाका सुटला बघ."

कोपर संध्याकाळपर्यंत भरलं. नीट बघितलं तर कळतं. म्हाताऱ्या बाईंनी नीट बघितलं नाही, त्यांनी स्वेटर घडी करून पोटाशी धरला.

९ मार्च

सकाळी स्टुडिओ उघडायच्या आधी कोट खुंटीवरून काढला आणि हिच्या टेबलावर खिडकीच्या उजेडात पसरला. बाह्या, बगला, कॉलर. भिंग लावून बघितलं. फोटोतला एवढासा डाग मला दिसतो, आणि इथे एक टाका सापडेना.

ही चहा घेऊन आली. कप खिडकीत ठेवला.

"डोळ्यांनी नाही सापडायचं," म्हणाली. डाव्या हाताने माझं बोट धरलं, कोटाच्या आत बाहीत नेलं आणि अस्तराखाली हळूच दाबलं. तिथे कापड किंचित जाड होतं. इतकं किंचित की मी आधी नाही म्हणालो. "हे उदबत्तीचं," ती म्हणाली. पुढे सरकवलं. "ही बगल. कुणीतरी बँकेच्या परीक्षेचा मुलगा होता, शिंकला आणि उसवली." मग खांद्यापाशी. "हे काय ते आठवत नाही. थांबा. तुम्हीच, त्या शाळेच्या कार्यक्रमाला घालून गेला होतात."

"मग काय झालं?" मी विचारलं.

ती सांगायला लागली. बाहेर एक गिऱ्हाईक येऊन दार वाजवून गेलं, आम्ही उठलो नाही. चहावर साय धरली.

शेवटी मी म्हणालो, "हे बापूला सांगायचं नाही. हे टिपायला द्यायचं नाही."

"का हो?"

"नाही म्हणजे नाही."

ती हसली, आणि माझं बोट तसंच धरून कोटाच्या दुसऱ्या बाहीत घेऊन गेली.